दातारांची एकुलती एक मात

दातार हे त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं आणि ती पाटी कुणी वाचत नसे. ते कवळ्या बनवायचे, म्हणजे लोकांना दात द्यायचे, म्हणून दातार. आणि बुद्धिबळाच्या पटावर बसले की पाचव्या-सहाव्या चालीला स्वतःचा वजीर समोरच्याच्या पदरात टाकून मोकळे व्हायचे, म्हणूनही दातार. हे नाव ठेवलं त्यांच्या मेहुण्याने, बायकोच्या धाकट्या भावाने. आधी ते नाव घरातल्या घरात होतं. मग दातांच्या दवाखान्यांपर्यंत गेलं, आणि पुढे पुढे बिलावरसुद्धा लोक 'दातार' असंच लिहायला लागले. दातारांनी कधी हरकत घेतली नाही. नावात देणं होतं, ते ऐकायला बरं वाटायचं.

काम मात्र नेटकं हं. दवाखान्यातून जबड्याचे ठसे यायचे. दातार त्यांत प्लॅस्टर ओतून जबडा काढायचे, त्यावर मेणाची हिरडी चढवायची, मेणात एकेक दात रोवायचा, आणि सगळं मनासारखं जमलं की मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरून साचा उकळत ठेवायचा. मग घासकाम, मग चाकावरचं पॉलिश. त्यांनी केलेल्या दातांनी माणसं जेवत, हसत, भांडत होती, पण त्यातलं एकही तोंड दातारांनी कधी पाहिलेलं नव्हतं. ठसा यायचा आणि कवळी जायची. मधे माणूस कुठेच नाही.

जिन्यावरची एकच लांबलचक खोली. खिडकीपाशी कामाचं टेबल, भिंतीभर फळ्या आणि फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे. नवखा माणूस आत आला की आधी दचकायचा. मागच्या बाजूला पडदा, पडद्याआड पलंग आणि चहापाण्याची सोय. पूर्वी त्या पडद्याआड बायकोचा वावर होता. ती दुखणं काढून गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. आठवडाभर दातार चाकाच्या घरघरीत बसून असायचे. ते थांबलं की खोलीत इतकी शांतता व्हायची की नळाचा थेंबसुद्धा अंगावर यायचा. त्यांना त्या शांततेची भीती वाटायची. साठी उलटलेल्या माणसाने हे कुणाला सांगायचं?

पण रविवार होता. रविवारी दुपारी मेहुणा यायचा.

मेहुण्याचं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं, चार गल्ल्या सोडून. लग्नाचं त्याचं राहूनच गेलेलं. दुकानाच्या माळ्यावर राहायचा. हाताला कायम तेलाचा वास. बोलायला कमी, पण बोलला की असा चिमटा काढायचा की दातार पुढचे दोन दिवस त्याच्यावर उत्तर शोधत बसायचे. तो यायचा, चप्पल दाराशी काढायचा, "काय भाऊजी, वजीर शाबूत आहे ना?" असं विचारायचा आणि पट मांडायचा.

आणि खेळ म्हणाल तर काय सांगावं! दोघंही कच्चे. पण कच्चेपणातही पायऱ्या असतात, आणि दातार सगळ्यांत खालच्या पायरीवर बूड टेकून बसलेले. एकदा त्यांनी मोठ्या ऐटीत शह दिला, तो स्वतःच्याच राजाला. एकदा मेहुण्याचा उंट आपला समजून उचलला आणि तिसऱ्याच कोपऱ्यात नेऊन ठेवला, आणि कमाल म्हणजे मेहुण्याच्याही ते चार चालींनंतर लक्षात आलं. एकदा तर काय झालं, दातारांचा राजा मांडतानाच टेबलाखाली गडगडला होता. दोघं जीव ओतून अर्धा डाव खेळले. मग मेहुण्याने "शह" म्हटलं आणि कुणाला म्हटलं ते दोघंही शोधायला लागले. आणखी एकदा पटावर दोन्ही बाजूंचे नुसते राजेच उरले होते, तरी ते एकमेकांच्या मागे पळतच होते. चहा उतू गेला तेव्हा कुठे डाव थांबला.

सोंगट्यांचंही तसंच. दातारांचा पांढरा घोडा कधीतरी हरवला, तेव्हा त्यांनी कवळीच्या ॲक्रिलिकमधून नवा ओतला. हिरडीसारखा गुलाबी घोडा. कोरलेला मात्र असा देखणा की मूळचे घोडे त्याच्यापुढे गाढवं दिसावीत. पण रंग वेगळा पडल्यामुळे व्हायचं काय, की दातारांच्या नजरेला तो सैन्यातला वाटतच नसे. त्याला ते हिशोबात धरायलाच विसरायचे. मेहुणा म्हणायचा, "भाऊजी, तुमचा पाहुणा उभाच आहे हो, त्याला काहीतरी काम द्या."

या सगळ्यांत एक गोष्ट कधी चुकली नाही. डाव मेहुणाच जिंकायचा. सुरुवातीला दातार हसून घ्यायचे, मग हळूहळू हसू यायचं थांबलं. हरले की ते पटाकडे पाहत बसायचे, तासतासभर बोलायचे नाहीत. चहासुद्धा गार व्हायचा. मेहुणा चपला घालून "येतो" म्हणायचा तेव्हा ते नुसती मान हलवायचे. बाकी जगात त्यांना कशाची हाव नव्हती. फक्त एकदा, एकदाच त्या माणसाला मात द्यायची होती. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसायचं? पण ज्याच्या आठवड्यात दुसरं काही घडतच नाही, त्याने काय घेऊन बसावं?

आणि एका रविवारी ते घडलं.

मेहुण्याचा काळा राजा कोपऱ्यात जाऊन बसला होता. शेजारी त्याचा स्वतःचाच हत्ती आणि पुढे तिरप्यात एक प्यादं. राजा हलला तर कुठे हलणार? दातारांनी वजीर उचलला. त्यांनी तो राजाच्या उभ्या रांगेत, एक घर सोडून ठेवला आणि म्हणाले, "शह." मग पट पुन्हा एकदा न्याहाळला, आणि घसा साफ करून म्हणाले, "आणि मात."

मेहुणा बराच वेळ पटाकडे बघत राहिला. मग त्याने दातारांकडे पाहिलं. मग पुन्हा पटाकडे. आणि आपला राजा आडवा केला.

दातारांना कळेचना आता काय करायचं असतं. जिंकायची सवयच नाही! ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. शेजारच्या बाईंना हाक मारून सांगितलं. त्यांनी "अरे वा" म्हणून दार लावून घेतलं. पुन्हा पटापाशी येऊन कुठली सोंगटी कुठून कशी आली ते त्यांनी मेहुण्यालाच समजावून सांगितलं. मेहुणा गालातल्या गालात हसत चहा पीत होता. त्याला हसताना बघून दातारांना आणखी चेव आला. जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही.

"अरे, हे तर तुझ्या ताईलासुद्धा दिसलं असतं!" ते म्हणाले. "तिला, जिला जन्मभरात उंट कुठला आणि प्यादं कुठलं ते कळलं नाही!"

मेहुण्याच्या तोंडावरचं हसू गेलं. त्याने अर्धा कप चहा तसाच खाली ठेवला, चपला घातल्या आणि तो जिना उतरून गेला. "येतो" म्हणालाही नाही. दातार दारात उभे राहिले आणि त्यांच्या मनात आलं ते एवढंच, की बघा, याला एक हार पचत नाही, आणि मी इतकी वर्षं दर रविवारी पचवतोय.

पुढच्या रविवारी मेहुणा आला नाही.

दातारांनी वाट पाहिली, दूध दोनदा गरम केलं आणि शेवटी एकट्यानेच चहा घेतला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग त्यांनी दुकानात फोन लावला. मेहुणा म्हणाला, काम आहे, भाऊजी. रविवारी कुठलं काम, असं विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानेही काहीतरी विचारलं असतं, असं त्यांना उगाचच वाटलं.

मात झालेला तो पट त्यांनी मोडलाच नव्हता. टेबलाच्या एका कडेला तो मांडूनच होता. आडवा पडलेला राजा तेवढा त्यांनी पुन्हा उभा केला, म्हणजे बघणाऱ्याला नीट कळावं. पण बघणारं होतं कोण? विजेचं मीटर बघायला माणूस आला, त्याला दाखवला. तो म्हणाला, छान आहे, आणि मीटर कुठे आहे ते विचारलं.

मग ते वर्तमानपत्रातली कोडी सोडवायला लागले. रविवारच्या पुरवणीत एक चौकोन यायचा, 'एका चालीत मात'. पोरासोरांसाठीच असतात ती, सोपी. तरी दातारांचा त्यात अर्धा तास जायचा. उत्तर खाली उलटं छापलेलं असायचं आणि ते कागद सहजच फिरवल्यासारखा करायचे. कोडं सुटलं की वाटायचं बरं. पण एका चालीच्या कोड्याचं एक वाईट असतं. चाल झाली की संपलं. समोर कुणी कपाळावर हात मारून घेत नाही, कुणी "थांबा, थांबा, ही परत घेतो" म्हणत नाही. उरलेली अख्खी दुपार तशीच्या तशी समोर उभी. एकदा त्यांनी दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळून पाहिलं. पाचव्या चालीला पांढऱ्याचा वजीर गेला, आणि काळ्या बाजूला बसून त्यांना अजिबात आनंद झाला नाही.

आणि मग एका मंगळवारी दवाखान्यातल्या मावशी ठसे घेऊन आल्या.

मावशी म्हणजे त्या दातांच्या दवाखान्यात झाडण्यापुसण्यापासून ठसे पोचवण्यापर्यंत सगळं बघायच्या. बोलायला मोकळ्या. त्यांचा नातू शाळेत बुद्धिबळ शिकायला लागला होता आणि घरी आजीलाच समोर बसवायचा. टेबलावरचा पट बघून त्या थांबल्या. दातारांना काय, तेवढंच हवं होतं. त्यांनी पुढे होऊन दाखवलं: हा माझा वजीर, हा त्याचा राजा, आता सांगा, राजा कुठे जाईल? मावशींनी डोळे बारीक करून पाहिलं. म्हणाल्या, राजा कुठेच नाही जायचा, पण हे प्यादं वजिराला तिरकं मारेल की, आमचा बाळ्या सारखं तसंच मारतो.

दातार मोठ्या समजुतीने हसले. म्हणाले, बरोबर, मावशी, पण ते प्यादं हलू शकत नाही. का? कारण लांब त्या टोकाला माझा उंट बसलाय. प्यादं जागचं हललं की उंटाची वाट मोकळी होते आणि राजा थेट त्याच्या तोंडात. म्हणून प्याद्याला हात लावता येत नाही. त्यालाच तर खेळ म्हणतात.

मावशींना पटलं. त्यांनी उंटापासून राजापर्यंत बोट फिरवून पाहिलं आणि मधेच थांबल्या.

"मग हा गुलाबी कोण? उंट याच्यावरून उडी मारतो का?"

नाही, उडी फक्त घोडा मारतो, असं दातार सांगायला लागले. निम्म्या वाक्यातच त्यांची दातखीळ बसली.

त्यांचाच घोडा, त्यांच्याच उंटाच्या वाटेत, अगदी मधोमध उभा होता. म्हणजे उंटाला पलीकडचं काही दिसतच नव्हतं. म्हणजे प्याद्याला कसलीच आडकाठी नव्हती. म्हणजे मेहुण्याने नुसतं एक प्यादं तिरकं सरकवलं असतं, तर वजीर गेला असता, आणि नेहमीसारखंच झालं असतं. मात झालेलीच नव्हती. मावशी ठशांची पिशवी ठेवून, कवळ्या सावकाश होऊ द्यात, घाई नाही म्हणाल्या आणि गेल्या.

पुढचे चार दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. एका आजोबांच्या कवळीत त्यांनी सुळ्याच्या जागी दाढ बसवली, मग सगळं मेण वितळवून पुन्हा केलं. डोक्यात एकच चक्र. मेहुणा रुसलाय तो हरला म्हणून. हरला नव्हताच, हे त्याला सांगितलं तर तो उद्या येईल. पण सांगितलं की आपल्याजवळ जन्मात मिळालेली ही एकच गोष्ट, तीही जाणार. न सांगावं तर मात आपली राहते, पण ती घेऊन बसायचं कुणासमोर? कधी त्यांना मेहुण्याचाच राग यायचा, की एवढा जिंकणारा माणूस, तुला समोरचं प्यादं दिसू नये? दिसलं असतं तर हे सगळं घडलंच नसतं. कधी मावशींचा राग यायचा. त्या बिचाऱ्यांचा काय दोष!

शनिवारी संध्याकाळी चाक बंद केलं आणि खोली पुन्हा गप्प झाली, तेव्हा त्यांचं ठरलं. रविवार पाहिजे होता. मात नसली तरी चालेल.

आता, हे नुसतं तोंडाने सांगून मेहुण्याला पटलं नसतं. दोघांच्या स्मरणशक्तीची ख्याती दोघांनाही माहीत होती. पट जसाच्या तसा त्याच्यापुढे ठेवायला हवा. दातारांनी मेण तापवलं. हिरडीचं गुलाबी मेण. प्रत्येक सोंगटीच्या बुडाला एकेक थेंब सोडून ती जागच्या जागी चिकटवली, जशी कवळीत दातांची रांग बसवतात, तशीच निगुतीने. हलवून पाहिलं, एकही डगमगत नव्हती. आणि रविवारी दुपारी, धुतलेला शर्ट घालून, पट दोन्ही हातांवर ताटासारखा धरून ते जिना उतरले.

रस्त्यावर लोक बघत होते. केशकर्तनालयातला माणूस दाढी थांबवून बाहेर आला. दोन पोरी हसल्या. कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणाला, काय दातार, लढाईवर का? एरवी ते लाजून अर्धमेले झाले असते. आज त्यांचं लक्ष फक्त पावलांकडे होतं. चार गल्ल्या त्यांना कधी एवढ्या लांब वाटल्या नव्हत्या.

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. दातार वाकून आत गेले. मेहुणा स्टुलावर बसला होता, पुढ्यात एक जुनं यंत्र उघडं, आणि तो त्याच्या दांड्याला तेल देत होता. यंत्रावर गिऱ्हाईकाची चिठ्ठी नव्हती. भिंतीलगत लावलेल्या यंत्रांवरही नव्हती. सगळी पुसूनपासून लख्ख केलेली. गिऱ्हाईकांची कामं आधीच आटपली होती, हे दातारांच्याही ध्यानात आलं. तो रविवारभर इथे नुसताच बसून असणार.

मेहुण्याने पटाकडे पाहिलं, मग भाऊजींकडे. स्टूल सरकवून दिलं. दातारांनी पट कामाच्या फळीवर ठेवला आणि बसले नाहीत. वाटेत पाठ केलेलं सगळं ते विसरले होते.

"ही मात नव्हती," ते म्हणाले. "हे प्यादं बघ. तुला वजीर मारता आला असता."

मेहुणा यंत्राचा दांडा पुसत म्हणाला, "तुमचा पाहुणा मधे उभा होता. दिसलं होतं मला."

दातारांना आधी नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं. दिसलं होतं? कधी? मेहुणा म्हणाला, तेव्हाच. मग मारलं का नाहीस? मेहुण्याने फडकं घडी करून ठेवलं, पुन्हा उलगडलं. दातारांना वाटलं, दया केली. लहान पोराला जिंकू द्यावं तसं आपल्याला जिंकू दिलं. त्यांचा चेहरा तापला. ते तसं बोलूनही गेले, की मला भीक नको होती.

"भीक नव्हती ती," मेहुणा म्हणाला. "ताईने सांगितलं होतं."

मग त्याने सांगितलं. एरवी चार शब्दांच्या वर न जाणारा माणूस, पण त्या दिवशी बोलला. ताई हॉस्पिटलमध्ये होती. शेवटचे दिवस होते ते, हे तिला कळलं होतं, भाऊजींना कुणी सांगितलं नव्हतं. दातार औषधं आणायला खाली गेले होते. तेवढ्यात तिने भावाला जवळ बोलावलं. तिला वाटणी करायची नव्हती, दागिन्यांबद्दल काही नव्हतं. तिचं मागणं रविवारचं होतं.

"म्हणजे तू तिच्यासाठी येत होतास," दातार म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"पहिलं एक वर्ष तिच्यासाठी आलो. नंतर मी तरी दुसरीकडे कुठे जाणार होतो, भाऊजी?"

दातारांना बसावं लागलं. ते स्टुलावर बसले आणि चिकटवलेल्या सोंगट्यांकडे पाहत राहिले. मेहुणा सांगत होता, तिने दोन गोष्टी मागितल्या होत्या. जात जा, ही एक, ती त्याने पाळली. दुसरी मात्र त्याला जमेना. दर रविवारी घरून ठरवून यायचा, आज हरायचं. आणि पटावर बसला की जिंकायचा मोह सुटायचा नाही. वर भाऊजी असे काही खेळायचे की हरायला जागाच ठेवायचे नाहीत. वजीर आणून हातात द्यायचे, तो नको कसा म्हणायचा? इतक्या वर्षांत पहिल्यांदा अशी चाल समोर आली की नुसतं गप्प बसलं तरी भागत होतं. तो गप्प बसला. राजा आडवा करताना त्याच्या मनात आलं, ताई, घे, एकदाचं झालं तुझं काम.

"आणि तुम्ही तिच्याबद्दलच तसं बोललात," तो म्हणाला.

दातारांना ते वाक्य आठवलं. इतके दिवस त्यांना ती मात आठवत होती, शेजारच्या बाईंचं "अरे वा" आठवत होतं, पण हे वाक्य एकदाही आठवलं नव्हतं. आता ते शब्दन्‌शब्द कानात वाजलं. जन्मभरात तिला उंट-प्यादं कळलं नाही, म्हणाले होते ते. आणि तिला सगळं कळलं होतं. आपण एकटे बसू शकणार नाही हे, आपण हरू हेसुद्धा. ती मरायला टेकलेली असताना आपल्या हरण्याची काळजी करत होती. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही. मेहुणा यंत्राकडे पाहत होता.

"माझं चुकलं," दातार म्हणाले.

"हो, चुकलं," मेहुणा म्हणाला.

थोड्या वेळाने मेहुण्याने स्टोव्ह पेटवला आणि चहा टाकला. दुकानात एकच कप होता, दुसरा त्याने माळ्यावरून आणला. चहा पिता पिता तो पटाकडे बघत होता. मग त्याने नखाने त्या प्याद्याच्या बुडाचं मेण खरवडलं, प्यादं तिरकं सरकवलं आणि वजीर उचलून भाऊजींच्या हातात दिला. दातारांनी घोड्याखालचं मेण सोडवलं आणि घोडा हलवला. त्याबरोबर मागच्या उंटाची वाट खरंच मोकळी झाली आणि राजाला शह बसला. दोघंही चपापले. मेहुण्याने राजा एक घर पुढे घेतला. पुढे काय व्हायचं ते झालंच. एकेक सोंगटी मेणातून सोडवत, खरवडत, ते तो डाव शेवटपर्यंत खेळले आणि दातार रीतसर हरले. या वेळी त्यांनी पटाकडे बघत बसायचं सोडून सोंगट्या गोळा केल्या.

निघताना त्यांनी विचारलं, पुढच्या रविवारी? मेहुणा म्हणाला, येतो. आणि थोडं थांबून म्हणाला, पण हरेन असं काही सांगता येत नाही.

दातार शटरपाशी गेले. पट काखेत होता, सोंगट्या खिशात. वाकायच्या आधी ते थांबले. एक गोष्ट त्यांच्या मनात मघापासून घोळत होती आणि विचारायचा धीर होत नव्हता. ती गेल्यापासून तिचं जे काही होतं ते सगळं त्यांना पाठ होतं, तिची बोलणी, तिचे टोमणे, तिची हाक. त्यात इतक्या वर्षांत एका शब्दाची भर पडलेली नव्हती. आणि आज अचानक कळलं, की ती आणखी काहीतरी बोलली होती.

"ती नेमकं काय म्हणाली?" त्यांनी विचारलं. "तिच्या शब्दांत सांग."

मेहुण्याने जरा वेळ आठवलं.

"म्हणाली, त्यांना एकटं बसवत नाही रे. रविवारी जात जा. आणि अधूनमधून हरत जा त्यांच्याशी, फार जिवाला लावून घेतात."

दातार ऐकत होते. मग म्हणाले, "पुन्हा सांग."

मेहुण्याने पुन्हा सांगितलं, या खेपेला सावकाश, ताईसारखं 'रे' थोडं लांबवून. बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली, तेव्हा मधले दोन शब्द नीट ऐकू आले नाहीत, म्हणून त्याने ते तेवढे परत म्हटले.